‘कॅथरिन’ या नावाचा अर्थ खरोखर ‘पवित्र’ असा आहे का?

निर्मळची लेक

माझ्या भावाच्या मुलीचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात आमच्या वसईच्या चर्चमध्ये होणार आहे. आमच्या आजीच्या नावावरून तिचे नाव कॅथरिन ठेवायचे ठरले आहे. निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या बाजूला नावाविषयी चार ओळी मराठीत छापाव्यात, अशी वडिलांची इच्छा असून ते काम माझ्याकडे आले आहे.

मी शोध घेतला, तेव्हा बाळांच्या नावांच्या जवळजवळ प्रत्येक यादीत ‘मूळ ग्रीक, अर्थ शुद्ध किंवा पवित्र’ एवढेच आढळले. तेवढे लिहून मी मोकळी झालेही असते. पण एका जुन्या नामकोशात हा अर्थ मागाहून चिकटवलेला असून नावाचा संबंध हेकाटी नावाच्या ग्रीक देवतेशी असू शकतो, असे वाचले. ही देवता जादूटोण्याची आणि रात्रीची आहे हे कळल्यावर घरात थोडी अस्वस्थता पसरली. एका ज्येष्ठ नातेवाइकांनी तर नावच बदलावे असे सुचवले.

आजीचे नाव आम्हाला सोडायचे नाही. परंतु पत्रिकेवर चुकीचे काही छापू नये, असेही मला मनापासून वाटते. भाषेचा अभ्यास असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अनुस्वार

ताई, आपण इतकी काळजी करू नये. ग्रीक भाषेत ‘काथारोस’ म्हणजे शुद्ध. आपल्याकडच्या साहित्यविचारात ज्याला आपण ‘विरेचन’ म्हणतो, तो अ‍ॅरिस्टॉटलचा ‘काथार्सिस’ हा शब्द त्याच मुळापासून आलेला आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत दक्षिण फ्रान्समध्ये बळावलेला आणि चर्चने पाखंडी ठरवलेला ‘कॅथर’ पंथही स्वतःच्या शुद्धतेवरूनच त्या नावाने ओळखला गेला. कॅथरिन, कॅथर, कॅथार्सिस ही एकाच घरातली भावंडे दिसतात. ‘पवित्र’ असे निःशंकपणे छापावे.

शब्दयात्री

अनुस्वार यांनी दिलेली कॅथार्सिस आणि कॅथर यांची माहिती अचूक आहे. मात्र कॅथरिन हे नाव त्या घरातले नाही, असे माझे मत आहे. कारणे थोडी विस्ताराने मांडतो.

ग्रीकमध्ये हे नाव ‘ऐकातेरिने’ असे लिहितात आणि आजचे ग्रीक लोक त्याचा उच्चार ‘एकातेरिनी’ किंवा नुसता ‘कातेरिना’ असा करतात. यात ‘त’ आहे. ‘काथारोस’मध्ये मात्र ‘थ’ आहे. युरोपातल्या अनेक भाषांच्या बोलणाऱ्यांना हा भेद क्षुल्लक वाटेल, कारण त्यांच्या कानाला अल्पप्राण आणि महाप्राण यांतील फरक सवयीचा नाही. आपण मराठी माणसे ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘तर’ आणि ‘थर’ हे शब्द कधीही एक समजणार नाही. प्राचीन ग्रीकांचेही तसेच होते: त्यांचे ‘टाऊ’ हे अक्षर आपल्या ‘त’साठी होते आणि ‘थीटा’ हे आपल्या ‘थ’साठी. म्हणून ‘काथारोस’वरून ‘कातेरिने’ झाले असे म्हणायचे, तर ‘थ’चा ‘त’ का झाला आणि आरंभीचा ‘ऐ’ कुठून आला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. ती समाधानकारकपणे देता येत नाहीत.

मग ‘शुद्ध’ हा अर्थ आला कुठून? हे नाव ग्रीक प्रदेशातून पश्चिमेला लॅटिन लिहिणाऱ्या लोकांकडे गेले, तेव्हा आरंभीचा स्वर गळून ‘कातेरिना’ उरले. परक्या भाषेतले अपारदर्शक नाव कानावर आले की माणसे त्यात ओळखीचा शब्द शोधतात, आणि कुमारिका व्रतस्थ संत म्हणून पूजल्या जाणाऱ्या स्त्रीच्या नावात ‘शुद्ध’ हा शब्द सापडावा, यासारखी सोयीची गोष्ट दुसरी नव्हती. त्या समजुतीने नावाच्या लेखनातही बदल केला. ‘त’च्या जागी ‘थ’चे लेखन रूढ झाले आणि ‘काथारिना’ असे रूप लॅटिन कागदपत्रांत दिसू लागले. इंग्रजीने ते उचलले आणि पुढे उच्चारही लेखनाच्या मागे गेला. ‘अँथनी’चेही असेच झाले आहे. मूळ रोमन नाव ‘अंतोनियुस’. फूल या अर्थाच्या ‘अँथोस’ या ग्रीक शब्दाशी त्याचा काहीही संबंध नसताना तो मानला गेला आणि इंग्रजी लेखनात ‘थ’ शिरला. गोव्यात आणि वसईत ‘आंतोन’ हे रूप आजही कानावर पडते, ते मूळच्या जवळचे आहे.

माझ्या म्हणण्याला दोन आधार देतो. इंग्रजीत कॅथरिनची लाडाची नावे केट, किटी, किट अशी आहेत. त्यांत ‘थ’चा मागमूस नाही, म्हणजे घरगुती बोलीने जुना ध्वनी राखला आहे. दुसरे म्हणजे पोर्तुगीज, इटालियन आणि स्पॅनिश या भाषांत अनुक्रमे कातारिना, कातेरिना आणि कातालिना अशी रूपे आहेत. तिन्हींत ‘त’च आहे.

तिठा

या चर्चेत एक वेगळा विचार मांडू इच्छितो. रशियन भाषेत या नावाचे लाडके रूप ‘कात्या’ असे आहे. आपल्याकडे ‘कात्यायनी’ हे देवीचे नाव आहे. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुलातल्या असल्यामुळे ही दोन्ही नावे मुळात एकच असतील काय? तसे असेल तर आपला प्रश्न फारच सुंदर रीतीने सुटेल.

उपसर्ग

तिठा यांचा विचार मोहक असला तरी तो टिकत नाही. ‘कात्यायनी’ हे ‘कत’ या ऋषिनामावरून आलेले वंशवाचक नाव आहे: कताचा वंशज तो कात्य, त्याच्या पुढचा कात्यायन आणि त्या कुळाशी जोडलेली ती कात्यायनी. त्यातला ‘आयन’ हा प्रत्यय आपण बादरायण, द्वैपायन या नावांतही पाहतो. रशियन ‘कात्या’ हे मात्र ‘येकातेरिना’ या लांब नावाचा मधला तुकडा घेऊन केलेले हाक मारण्याचे रूप आहे. दोन टोकांना स्वतंत्रपणे घडलेली रूपे मधेच कुठे सारखी दिसली, इतकेच. भाषाकुल एक असल्याने शब्दांचे नाते असू शकते हे खरे. पण ते नियमित ध्वनिबदलांतून दाखवावे लागते, साम्य दिसणे पुरेसे नसते.

शब्दयात्री यांचा निष्कर्ष मला मान्य आहे. मात्र त्यांनी दिलेले दोन्ही आधार दुर्बळ आहेत आणि ते तसेच राहू नयेत, म्हणून लिहितो.

इंग्रजीत ज्या नावांत ‘थ’ आहे, त्यांच्याही लाडक्या रूपांत ‘ट’ येतो. एलिझाबेथची बेटी होते आणि डोरोथीची डॉट होते. डोरोथी हे तर निःसंशय ग्रीक नाव असून त्यातल्या ‘थेओस’, म्हणजे देव, या शब्दात थीटाच आहे. म्हणून ‘केट’मधल्या ‘ट’वरून मूळ ध्वनी ‘त’ होता असे सिद्ध होत नाही. पोर्तुगीज, इटालियन आणि स्पॅनिश या भाषांचेही तेच. त्या ग्रीक थीटासाठी सरसकट ‘त’ वापरतात. ग्रीक ‘थेआत्रोन’चे त्यांच्याकडे ‘तेआत्रो’ झाले आहे. मूळ नावात ‘थ’ असता तरी पोर्तुगीज लोकांनी ‘कातारिना’च म्हटले असते.

खरा आधार पूर्वेकडे आहे. रशियनांनी ख्रिस्ती धर्म आणि त्याबरोबरची नावे लॅटिनमधून घेतली नाहीत, ती बायझंटाइन ग्रीकांकडून थेट घेतली. तोपर्यंत ग्रीक थीटाचा उच्चार आपल्या ‘थ’सारखा स्फोटक राहिला नव्हता, तो घर्षक, म्हणजे हवा घासत बाहेर पडणारा, झाला होता, आणि रशियन बोलीत तो ध्वनी नसल्यामुळे त्याची जागा ‘फ’ने घेतली. म्हणून थिओडोरचे रशियनमध्ये ‘फ्योदोर’ झाले, मार्थाचे ‘मार्फा’, अगाथाचे ‘अगाफ्या’ आणि टिमथीचे ‘तिमोफेय’. हा नियम इतका पक्का आहे की आपल्या नावात थीटा असती, तर रशियन राणी ‘येकाफेरिना’ म्हणून ओळखली गेली असती. ती ‘येकातेरिना’ आहे. म्हणजे ज्या ग्रीकांकडून रशियनांनी हे नाव ऐकले, त्यांच्या तोंडी ‘त’ होता.

शब्दयात्री

उपसर्ग यांचे मनापासून आभार. ‘केट’ आणि ‘कातारिना’ यांविषयीची माझी मांडणी चुकीची होती आणि ती मी मागे घेतो. ‘मार्फा’ आणि ‘अगाफ्या’ यांच्या शेजारी ‘येकातेरिना’ ठेवून पाहण्याचे मला सुचले नव्हते, आणि त्यापेक्षा स्वच्छ पुरावा या प्रश्नात मिळणे कठीण आहे.

आता हेकाटीकडे वळतो, कारण ताईंच्या घरातली अस्वस्थता त्या नावामुळे आहे.

‘शुद्ध’ बाजूला ठेवल्यावर दोन व्युत्पत्ती गांभीर्याने विचारात घेतल्या जातात. पहिलीनुसार मूळ रूप ‘हेकातेरिने’ असून ते ‘हेकातेरोस’, म्हणजे ‘दोघांपैकी प्रत्येक’, या शब्दावरून आले आहे. यातला ‘तेरोस’ हा प्रत्यय आणि संस्कृतातला ‘तर’ हे खरोखरच सख्खे आहेत. ‘इतर’, ‘अन्यतर’ यांतला ‘तर’ तोच. तिठा यांना हवे होते तसे संस्कृतशी नाते इथे सापडते, ते नावाच्या मधोमध दडलेल्या या दोन अक्षरांत. दुसरी व्युत्पत्ती हे नाव हेकाटी देवतेशी जोडते. हेकाटी हे ‘हेकातोस’ या शब्दाचे स्त्रीरूप दिसते, आणि ‘हेकातोस’ हे अपोलोचे, दूरवर बाण सोडणाऱ्या देवाचे, विशेषण आहे.

‘हेकातेरिने’मधला ‘ह’ जाऊन ‘ऐकातेरिने’ कसे झाले, असा प्रश्न पडेल. ग्रीक भाषेतून शब्दारंभीचा ‘ह’ पुढे पूर्णपणे गेला आणि ‘ऐ’ या जोडस्वराचा उच्चार ‘ए’ होऊ लागला. त्यामुळे ‘हेकातेरिने’ आणि ‘ऐकातेरिने’ ही दोन लेखने असली तरी तोंडी उच्चार एकच उरला, आणि लिहिणाऱ्याने यांपैकी कोणते निवडावे हे कानावरून ठरवणे अशक्य झाले. दोन व्युत्पत्तींपैकी एकीच्या बाजूने पारडे पूर्णपणे झुकत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

हेकाटी ही केवळ चेटकाची देवता होती, ही समजूतही अपुरी आहे. सर्वात जुन्या ग्रीक काव्यात तिला पृथ्वी, समुद्र आणि आकाश या तिन्हींत वाटा असलेली, भक्तांना भरभरून देणारी देवता म्हणून गौरवले आहे. पुढे ती तिठ्यांची, उंबरठ्यांची आणि रात्रीची देवता झाली. अथेन्समध्ये चांद्रमास संपताना तिच्यासाठी तिठ्यावर अन्न ठेवत. अमावास्येला तिठ्यावर ठेवलेला उतारा ज्यांनी लहानपणी गावाकडे पाहिला आहे, त्यांना ती प्रथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आणि समजा, नाव हेकाटीवरूनच आले असले, तरी ख्रिस्ती कुटुंबाने त्याचे दुःख मानण्याचे कारण मला दिसत नाही. संत दिमित्रियुसचे नाव दिमीटर या देवतेचे आहे. संत इसिदोरच्या नावाचा अर्थ ‘इसिस देवीचे दान’. बायबलच्या नव्या करारात पौल ज्या फिबी या भगिनीची शिफारस करतो, तिचे नाव आर्तेमिस देवतेचे विशेषण होते, आणि अपुल्लोस या उपदेशकाच्या नावात अपोलो उघडच दिसतो. पौलाने त्यांना नावे बदलायला सांगितलेली नाहीत.

निर्मळची लेक

फिबी आणि अपुल्लोस यांची उदाहरणे मी आज वडिलांना वाचून दाखवली. ज्यांनी नाव बदलण्याची सूचना केली होती, ते नातेवाईक नियमाने बायबल वाचणारे आहेत. त्यांनी रोमकरांस लिहिलेले पत्र काढून तो उल्लेख स्वतः पाहिला आणि आपली हरकत मागे घेतली. शब्दयात्री दादांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

आता दुसरा प्रश्न पुढे आला आहे. कॅथरिन नावाच्या संत एकाहून अधिक आहेत. आमच्या आजीला हे नाव कोणत्या संतावरून मिळाले असेल? पत्रिकेवर संताचे नाव लिहायचे असल्याने हे महत्त्वाचे आहे.

पुराभिलेख

संतांपैकी दोघींची नावे मुख्य आहेत. सिएनाची कॅथरिन ही इटलीतील सिएना नगरात १३४७ साली जन्मली आणि १३८० साली रोममध्ये वारली. तिचा सण २९ एप्रिलला असतो आणि १९७० साली पोपनी तिला चर्चची आचार्या हा क्वचित दिला जाणारा मान दिला. तिची पत्रे उपलब्ध आहेत, तिचे चरित्र तपासता येते. परंतु तिला हे नाव मिळाले ते ज्या जुन्या संतामुळे युरोपभर पसरले होते, ती अलेक्झांड्रियाची कॅथरिन. तिचा सण २५ नोव्हेंबरला असतो. आजीचा जन्म किंवा बाप्तिस्मा यांपैकी कोणत्या सणाजवळ झाला, हे चर्चच्या नोंदवहीत पाहिल्यास बरेच समजेल.

अलेक्झांड्रियाच्या कॅथरिनची कथा थोडक्यात अशी आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी ती इजिप्तमधील अलेक्झांड्रियात राहत होती; ती उच्च कुळातली आणि विद्येत निपुण होती. ख्रिस्ती लोकांच्या छळाविरुद्ध तिने सम्राटाला जाब विचारला. तिच्याशी वाद घालण्यासाठी सम्राटाने पन्नास तत्त्वज्ञ आणले. ते हरले आणि त्यांनीच तिचा धर्म स्वीकारला. मग खिळे ठोकलेल्या चाकावर तिला मारण्याची आज्ञा झाली, पण ते चाक मोडून पडले. शेवटी तिचा शिरच्छेद झाला आणि देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेला.

इतिहास म्हणून पाहता ही कथा पायाशी ठिसूळ आहे. तिच्या काळाच्या जवळपासचा एकही लेखी उल्लेख मिळत नाही. कथा लिहिली गेली ती काही शतकांनंतर. सम्राट कोण, याबाबतही हस्तलिखितांत गोंधळ आहे: काही जण मॅक्सेंशियस म्हणतात, पण त्याची सत्ता रोमकडे होती, इजिप्त मॅक्सिमिनस दाया याच्याकडे होता. अलेक्झांड्रियातच ४१५ साली ख्रिस्ती जमावाने ठार मारलेल्या हायपेशिया या गणिती आणि तत्त्वज्ञ स्त्रीचे चरित्र उलटे होऊन या कथेत उतरले असावे, असेही काही अभ्यासकांनी सुचवले आहे. ती एक शक्यता आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण विदुषी आणि हिंसेला बळी पडलेली स्त्री त्याच नगरात दोनदा भेटते, हे विसरता येत नाही.

कॅथलिक चर्चने स्वतःही हा प्रश्न टाळला नाही. १९६९ साली सणांची दिनदर्शिका सुधारताना ऐतिहासिक आधाराच्या अभावी तिचा सण सार्वत्रिक यादीतून वगळला गेला आणि २००२ साली ऐच्छिक स्मरणदिन म्हणून परत घेतला गेला. म्हणजे २५ नोव्हेंबर आज पुन्हा तिचा आहे.

सिनाईच्या पायथ्याचा मठ सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधला, तेव्हा तो तिच्या नावाचा नव्हता. तिचे अवशेष तिथे असल्याची श्रद्धा पुढे दृढ झाली आणि मठच सेंट कॅथरिनचा म्हणून ओळखला जाऊ लागला. यात्रेकरूंनी ते नाव पश्चिमेला नेले. युरोपातल्या आईबापांनी मुलींची नावे कॅथरिन ठेवली, ती शब्दाचा अर्थ पाहून नव्हे. पन्नास विद्वानांना निरुत्तर करणाऱ्या मुलीची कथा ऐकून. ती विद्यार्थ्यांची, तत्त्वज्ञांची आणि अविवाहित मुलींची रक्षणकर्ती मानली गेली. फ्रान्समध्ये पंचविसाव्या वर्षीही अविवाहित असलेल्या मुलींनी तिच्या सणाला पिवळ्या-हिरव्या रंगांच्या टोप्या घालण्याची प्रथा पडली. तिचे चाक इंग्रजीत फटाक्यालाही मिळाले आहे: आपण दिवाळीत ज्याला भुईचक्र म्हणतो, तशा गरगर फिरणाऱ्या चक्राला इंग्रज ‘कॅथरिनचे चाक’ म्हणतात.

मांडवीकाठ

त्या चाकाविषयी गोव्याकडून भर घालतो. अफोंसो द अल्बुकर्कने १५१० साली गोवा जिंकला, गमावला आणि पुन्हा जिंकला. दुसऱ्यांदा तो शहरात शिरला तो दिवस २५ नोव्हेंबर, म्हणजे याच संताचा सण होता. तिला त्याने विजयाची धनीण मानले आणि जुन्या गोव्यात तिच्या नावाचे छोटे देऊळ उभारले. पुढे १५५० साली गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने तिथे बांधकाम केल्याची नोंद शिलालेखात आहे. १५३४ साली गोव्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला तो याच देवळाच्या आधाराने. नंतर १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये बांधून झालेले सी कॅथीड्रल तिलाच अर्पण केलेले आहे, आणि त्याच्या सोनेरी मुख्य वेदीवर तिच्या हौतात्म्याची दृश्ये कोरली आहेत. पोर्तुगीज राज्याच्या इथल्या राजचिन्हातही तिचे चाक होते.

हे सांगताना दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस शहरातल्या मुसलमान रहिवाशांची मोठी कत्तल झाली, आणि ती झाल्याचे अल्बुकर्कने आपल्या राजाला स्वतः कळवले. अलेक्झांड्रियाची कॅथरिन कथेत सत्तेपुढे उभी राहून बोलणारी मुलगी आहे. गोव्यात तिचे नाव जिंकणाऱ्यांच्या झेंड्याला बांधले गेले. सी कॅथीड्रलमध्ये वेदीसमोर उभा राहिलो की मला ही दोन्ही चित्रे एकदम दिसतात.

गिरगावची गल्ली

कातारिना या रूपाने मुंबईच्याही इतिहासात जागा घेतली आहे, त्याचा उल्लेख इथे व्हायला हवा. पोर्तुगालची राजकन्या कातारिना द ब्रागांसा हिचा जन्म १६३८ साली २५ नोव्हेंबरला झाला. नावाचा संतदिन आणि जन्मदिवस एकच. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी तिच्या विवाहाचा तह २३ जून १६६१ रोजी झाला आणि त्यात मुंबईचे बंदर आणि बेट इंग्लंडच्या राजाला देण्याचे कलम होते. लग्न १६६२ साली लागले. बेट ताब्यात घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही. तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिला आणि तिथेच, बहुतेक सैनिकांसह, रोगराईने मेला. हंफ्रे कुकने १६६५ साली मुंबईचा ताबा घेतला, आणि १६६८ साली राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले.

शाळेत आपण ‘हुंड्यात मिळालेली मुंबई’ एवढेच शिकलो. ती वधू कातारिना म्हणून जन्मली आणि इंग्लंडात कॅथरिन म्हणून ओळखली गेली. शब्दयात्री यांनी सांगितलेला ‘त’ ते ‘थ’ हा प्रवास तिने एकाच आयुष्यात केला.

उपसर्ग

गिरगावची गल्ली यांच्या मुद्द्याला जोडून एक निरीक्षण नोंदवतो. रशियाच्या दोन्ही येकातेरिना सम्राज्ञींना हे नाव जन्मतः मिळालेले नव्हते. पहिली जन्मली तेव्हा मार्टा होती. दुसरी, जिने १७६२ ते १७९६ राज्य केले, ती जर्मन राजघराण्यातली सोफी. १७४४ साली ऑर्थोडॉक्स पंथात प्रवेश करताना तिचे नाव येकातेरिना ठेवले गेले. सोफी हेही ग्रीकच, आणि त्याचा ‘शहाणपण’ हा अर्थ सरळ, निर्विवाद आहे. ज्याचा अर्थ पक्का ठाऊक आहे ते नाव तिने सोडले आणि ज्याचा अर्थ कोणालाच ठामपणे सांगता येत नाही ते घेतले, कारण पहिल्या येकातेरिनाचा वारसा त्या नावात होता. पुराभिलेख म्हणतात तेच इथेही दिसते: नाव पुढे जाते ते माणसांमुळे.

अनुस्वार

माझे पहिले विधान मी दुरुस्त करतो. ताईंनी ‘पवित्र’ हा अर्थ छापायचा असेल, तर ‘पुढे या नावाला हा अर्थ जोडला गेला’ असे म्हणावे. पश्चिम युरोपातल्या असंख्य आयांनी कित्येक शतके हाच अर्थ मनात धरून मुलींची नावे ठेवली आहेत; त्यामुळे तो व्युत्पत्ती म्हणून चूक असला तरी नावाच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

निर्मळची लेक

आज चर्चच्या कार्यालयात जाऊन जुनी नोंदवही पाहिली. आजीचा बाप्तिस्मा नोव्हेंबर महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात झाला होता. नोंद लॅटिनमध्ये आहे आणि तिथे ‘काथारिना’ असे, ‘थ’ घालून, लिहिले आहे. म्हणजे संत अलेक्झांड्रियाचीच असावी असे आमच्या धर्मगुरूंनाही वाटते.

पत्रिकेसाठी लिहिलेला मजकूर असा आहे: ‘कॅथरिन हे नाव ग्रीक ऐकातेरिने या नावाचे रूप आहे. त्याच्या मूळ अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पश्चिमेत त्याला पवित्र हा अर्थ पुढे जोडला गेला. अलेक्झांड्रियाच्या विदुषी संत कॅथरिन यांच्या आणि आमच्या आजीच्या स्मरणार्थ हे नाव बाळाला दिले आहे.’ वडिलांनी हे दोनदा वाचले आणि शेवटच्या वाक्यात ‘आजी’ हा शब्द संतांच्या आधी घ्यावा का, एवढेच विचारले. तो बदल मी केला नाही, कारण आजीला तो आवडला नसता.

काल रात्री आत्याला फोन करून विचारले की आजीला तिच्या माहेरी काय म्हणत असत. ती म्हणाली, ‘कातरीन’. सासरीही तेच. उपसर्ग दादांनी सांगितल्याप्रमाणे हा पुरावा होऊ शकत नाही, हे मला समजले आहे. पोर्तुगीजांकडून आलेले नाव ‘त’नेच येणार. तरी नोंदवहीतल्या ‘थ’सकट आजी आयुष्यभर ‘कातरीन’ म्हणूनच हाकेला ओ देत होती, हे ऐकून बरे वाटले. बाळाच्या पाळण्यावर भावाने काल खडूने तेच नाव लिहिले आहे.